बशीतल्या मेंदूला मिरची झोंबते का?

‘प्रयोगशाळेत माणसाचा मेंदू तयार झाला’ अशी बातमी दर चार-सहा महिन्यांनी कुठे ना कुठे छापून येते आणि ती आली की दवाखान्यात दोन दिवस तोच विषय चालतो. कोणी म्हणते, आता पक्षाघाताला भ्यायचे कारण नाही, नवा मेंदू बसवून मिळेल. कोणी म्हणते, ही देवाच्या कामात लुडबूड झाली. दोन्ही मंडळींनी जरा दम धरावा, अशी माझी विनंती आहे. मेंदू तयार झालेला नाही. जे तयार झाले आहे ते मेंदूपेक्षा पुष्कळच लहान आहे. मात्र तेवढ्यावरून ‘मग विषय संपला’ असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. जपानमधील क्योटो विद्यापीठातले शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशी घेतल्या, त्यांत चार जनुके घातली आणि त्या पेशींना त्यांच्या बालपणात परत नेले. भाजलेल्या मडक्याची पुन्हा ओली माती व्हावी आणि तिच्यातून कुंभाराने हवी ती वस्तू घडवावी, तसाच हा प्रकार. या शोधाबद्दल २०१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना इंग्लंडच्या जॉन गर्डन यांच्यासमवेत मिळाले. अशा बालपेशींना, म्हणजे मूलपेशींना, योग्य खाद्य आणि योग्य आधार दिला की त्यांतून हृदयाच्या, यकृताच्या किंवा मेंदूच्या पेशी तयार होतात.

२०१३ मध्ये व्हिएन्ना येथे मॅडेलिन लँकेस्टर आणि युर्गन नोब्लिख यांनी या पेशींचा गोळा पोषक द्रवात हलता ठेवला. काही आठवड्यांत त्या गोळ्यात मेंदूच्या बाह्य पटलासारखे थर आपले आपणच उभे राहिले. आकार सुमारे चार मिलिमीटर, म्हणजे मसुरीच्या दाण्याएवढा. शास्त्रज्ञ याला ‘ऑर्गनॉइड’ म्हणतात. आपण सोयीसाठी मेंदूगोळा म्हणू. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो एका मर्यादेपलीकडे वाढला की आतला भाग प्राणवायूवाचून मरतो. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत, पोट नाही. आपल्या डोक्यात सुमारे आठ हजार सहाशे कोटी मज्जापेशी आहेत. या गोळ्यातल्या सगळ्या पेशी मिळून हिशेब लाखांत होतो. मधमाशीच्या मेंदूतही सुमारे दहा लाख मज्जापेशी असतात, हे जाता जाता सांगून ठेवतो. संख्येवरून सगळे ठरत नाही.

मग एवढ्याशा दाण्याचा उपयोग काय? व्हिएन्नाच्या त्याच पहिल्या कामात याचे उत्तर आहे. जन्मतः डोके फार लहान असलेल्या एका रुग्णाच्या कातडीपासून त्यांनी मेंदूगोळे वाढवले. ते इतरांच्या गोळ्यांपेक्षा लहान राहिले. का, तर मूळ पेशींनी आधी आपली संख्या पुरेशी वाढवायला हवी होती, तसे न करता त्या घाईने मज्जापेशी होऊन बसल्या. फुटवे फुटण्याआधीच भात निसवावा, तसे झाले. उंदरात असा दोष घडवून पाहिला तर त्याचा मेंदू फारसा लहान होत नाही, म्हणून ही गोष्ट उंदरावर कळत नव्हती.

ब्राझीलमध्ये २०१५-१६ साली झिका तापाची साथ आली आणि लहान डोक्याची मुले जन्मू लागली, तेव्हा हा विषाणू गर्भाच्या मेंदूतल्या वाढत्या पेशींनाच गाठतो, हे अशाच गोळ्यांवर काही महिन्यांत दिसले. हा झिका आपल्याला परका नाही. २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सापडला आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात सापडलेल्या रुग्णांत गर्भवती स्त्रियाही बऱ्याच होत्या. जिवंत गर्भाच्या मेंदूत सुई घालून पाहता येत नाही. गोळ्यात पाहता येते. म्हणून या संशोधनाला माझा विरोध नाही, उलट ते व्हावे आणि भारतात व्हावे असेच माझे मत आहे.

माझा आक्षेप क्रमावर आहे. काम पुढे धावते आहे आणि राखण मागून रमतगमत येते आहे.

गेल्या काही वर्षांत काम किती पुढे गेले ते पाहा. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे अ‍ॅलिसन मुओट्री यांच्या प्रयोगशाळेत अनेक महिने वाढवलेल्या गोळ्यांतून विद्युतलहरी उमटू लागल्या आणि त्यांची ठेवण मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांच्या मेंदूलेखाशी काही बाबतींत जुळली. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या सर्जू पाश्का यांनी मानवी मेंदूगोळे नवजात उंदरांच्या मेंदूत बसवले. तिथे रक्तपुरवठा मिळाल्यामुळे ते वाढत जाऊन मेंदूच्या त्या बाजूचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापून बसले. उंदराच्या मिशांना स्पर्श केला की आतल्या मानवी पेशी प्रतिसाद देत. त्या पेशी प्रकाशाने चेतवल्या की पाणी मिळते, असे शिकवल्यावर उंदीर पाण्याच्या नळीकडे जाऊ लागला. याच वर्षी ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथील एका कंपनीने सुमारे आठ लाख मानवी व उंदराच्या मज्जापेशी तबकडीवर पसरून त्यांना टेबल टेनिससारखा संगणकीय खेळ खेळायला लावला आणि आपल्या निबंधात त्या पेशींना ‘संवेदनक्षम’ असे विशेषण लावले. त्यावर अनेक शास्त्रज्ञांनी उघड हरकत घेतली. कंपनी मात्र थांबली नाही. २०२५ मध्ये तिने मानवी मज्जापेशींवर चालणारे यंत्र विकायला काढले, किंमत सुमारे ३५ हजार डॉलर.

आणि २०२५ मध्येच मिरचीचा तो प्रयोग प्रसिद्ध झाला. पाश्का यांच्याच गटाने चार वेगवेगळे गोळे तयार केले. एक कातडीकडून संवेदना आणणाऱ्या पेशींचा, दुसरा मज्जारज्जूचा, तिसरा मेंदूच्या मधल्या केंद्राचा, चौथा बाह्य पटलाचा. ते एकापुढे एक ठेवले, तसे ते एकमेकांना जोडले गेले. आपल्या बोटाला चटका बसल्यावर निरोप ज्या वाटेने डोक्यात जातो, ती वाट बशीत तयार झाली. मग पहिल्या गोळ्याला मिरचीतला तिखट घटक, कॅप्सेसिन, लावला. निरोप चारही गोळ्यांतून पार गेला.

मिरची झोंबली का? संशोधक म्हणतात, नाही. त्यांचे म्हणणे मला पटते. निरोप जाणे वेगळे आणि वेदना होणे वेगळे. तार वाजली म्हणून घरात कोणी असतेच असे नाही. मेंदूच्या गाभ्याला स्वतःला तर दुखतही नाही. शस्त्रक्रियेत कवटी उघडलेला रुग्ण जागा राहून शल्यचिकित्सकाशी बोलत असतो, हे अनेक वाचकांनी ऐकले असेल. शिवाय या प्रयोगाचा हेतू चांगला आहे. जुनाट वेदनेने जगणे नकोसे झालेल्या माणसांसाठी व्यसन न लावणारी औषधे शोधायची आहेत. कंबरेच्या दुखण्याने रात्र रात्र जागणारी माणसे मी रोज पाहतो. त्यांच्यासाठी चार गोळ्यांना मिरची लावावी लागली तर लावावी.

पण चारांचे चाळीस झाले तर? त्यांना रक्तवाहिन्या मिळाल्या तर? डोळ्याचा गोळा जोडला तर? कोणत्या टप्प्यावर ‘आता थांबा, आधी विचारा’ असे म्हणायचे आणि ते कोणी म्हणायचे? याचे ठरलेले उत्तर आज जगात कोणाकडे नाही. गर्भाच्या बाबतीत ते होते. प्रयोगशाळेतला मानवी गर्भ १४ दिवसांपलीकडे वाढवू नये, अशी शिफारस ब्रिटनच्या वॉर्नक समितीने १९८४ मध्ये केली आणि १९९० मध्ये तिथे कायदा झाला. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या मूलपेशीविषयक मार्गदर्शक सूचनांत (२०१७) तीच मर्यादा आहे. १४ च का, १५ का नाही, असे विचारणारे तेव्हाही होते. पण रेषा ओढली गेली म्हणून लोकांचा विश्वास राहिला आणि कामही थांबले नाही. मेंदूगोळ्याला अशी रेषा नाही. दिवसांवर आखावी, पेशींच्या संख्येवर आखावी की लहरींवर, यावरच एकमत नाही.

मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये आपली नियमावली सुधारली. मेंदूगोळ्यांत जाणीव असल्याचा पुरावा नाही, म्हणून बशीतल्या गोळ्यांच्या कामाला खास नैतिक तपासणीची गरज नाही, असा तिचा सूर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीनेही त्याच वर्षी, आज आहे ती देखरेख पुरेशी आहे, गोळे गुंतागुंतीचे होतील तसा पुन्हा विचार करावा, असे सांगितले. मला हे उलटे वाटते. पुरावा मिळेपर्यंत तपासणी नको आणि तपासणी नाही म्हणून पुरावा शोधायला कोणी बसवलेला नाही. बरे, ठरवणारे बहुतांश लोक तेच, ज्यांची भाकरी या कामावर आहे. त्यांच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही. आपल्या शेताची मोजणी स्वतःच्याच हाताने करावी, असे मात्र कोणताही तलाठी म्हणणार नाही.

उशिरा जागे होण्याची किंमत महाराष्ट्राला चांगली ठाऊक आहे. गर्भजल तपासणी आली ती गर्भातले व्यंग ओळखण्यासाठी. पाहता पाहता ती मुलगी ओळखण्याचे दुकान झाली. १९८८ मध्ये देशात सर्वांआधी आपल्या राज्याने कायदा केला, १९९४ मध्ये देशाचा झाला. पण तोवर दुकाने गल्लोगल्ली पोचली होती. तंत्र वाईट नव्हते, राखण उशिरा आली.

जाणिवेचा प्रश्न उद्याचा आहे, असे घडीभर मानू. आजचा प्रश्न साधा आहे, आणि तो तुमच्या-माझ्या रक्ताचा आहे. हे गोळे हवेतून येत नाहीत. कोणीतरी रक्त दिलेले असते किंवा कातडीचा कण दिलेला असतो. बंगळुरूला निम्हान्स, एनसीबीएस आणि इनस्टेम या संस्थांनी मिळून, घरात एकाहून अधिक माणसांना गंभीर मानसिक आजार आहे अशा कुटुंबांच्या रक्तापासून मूलपेशी तयार केल्या आहेत. काम मोलाचे आहे. आजार एका पिढीतून दुसरीत कसा उतरतो, हे शोधायचा तो रास्त मार्ग आहे. पण अशा घरातला माणूस सही करतो तेव्हा त्याला काय समजलेले असते? त्याच्या पेशींतून उद्या मेंदूचा गोळा होईल, तो उंदराच्या डोक्यात जाईल किंवा एखाद्या कंपनीच्या यंत्रात जाईल, हे जगातल्या किती संमतिपत्रांत लिहिलेले असते? बहुतेक ठिकाणी एकच शब्द असतो, ‘संशोधनासाठी’. तो शब्द फारच मोठ्या पोटाचा आहे.

अमेरिकेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या गाठीतून, तिला न विचारता पेशी घेतल्या गेल्या. ती त्याच वर्षी वारली. पेशी अजून वाढतात, जगभर विकल्या जातात आणि पोलिओच्या लशीपासून कितीतरी शोधांना त्यांचा हात लागला आहे. घरच्यांना हे कळायला वीसहून अधिक वर्षे लागली, आणि एका कंपनीने वारसांशी तडजोड केली ती २०२३ मध्ये.

मी काही वर्षे एका संस्थेच्या नैतिक समितीवर होतो. आपल्या नियमांप्रमाणे अशा समितीत डॉक्टर आणि वकिलांखेरीज एक सामान्य नागरिक असावा लागतो. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या संमतिपत्राचा मराठी मसुदा मोठ्याने वाचायला लावत. आम्हा डॉक्टरांना त्याचा कंटाळा यायचा. एकदा त्यात वाक्य आले, ‘आपले जैविक नमुने अनिश्चित काळापर्यंत जतन करण्यात येतील.’ बाईंनी विचारले, ‘अनिश्चित म्हणजे मी मेल्यावरही?’ संशोधक म्हणाले, हो. ‘मग हे माझ्या मुलाला कोण सांगणार?’ कोणाकडे उत्तर नव्हते. मसुदा परत गेला. ज्या घरात दहावा होऊन कावळा शिवला, त्या घरच्या माणसाच्या पेशी कुठेतरी शीतकपाटात जिवंत आहेत आणि त्यांच्यातून मेंदूचा तुकडा वाढतो आहे, ही गोष्ट विज्ञानाला साधी वाटेल. घरच्यांना ती साधी वाटणार नाही, आणि त्यांना ती आधी सांगायला हवी.

म्हणून मी म्हणतो, जाणीव कधी येईल याचा वाद तज्ज्ञ घालोत. तोवर प्रत्येक संस्थेने आणि प्रत्येक कंपनीनेही आपल्याकडे कोणत्या माणसांच्या पेशींचे मेंदूगोळे आहेत, किती वयाचे आहेत, कशाला जोडले आहेत, याची नोंद उघड ठेवावी. नोंदवही ठेवायला तत्त्वज्ञान लागत नाही. आपल्या २०१७ च्या सूचनांप्रमाणे मूलपेशींच्या कामाला संस्थेच्या खास समितीची परवानगी लागते, ही चांगली गोष्ट आहे. पण त्या सूचना आहेत, कायदा नव्हे, आणि सगळी भिस्त समितीच्या दक्षतेवर आहे. त्यातच २०२३ मध्ये औषधचाचणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी मानवी पेशींवर केलेल्या चाचण्यांनाही जागा मिळाली. मुक्या जनावरांचे हाल कमी होतील, हे उत्तमच. मात्र यापुढे हे गोळे विद्यापीठांबाहेर औषधकंपन्यांतही वाढतील, हेही उघड आहे. अनुवंशशास्त्राच्या नव्या तंत्रावर लगाम कसा ठेवावा, हे ठरवायला १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात असिलोमार येथे शास्त्रज्ञ जमले होते. त्याच जागी २०२५ मध्ये मेंदूगोळ्यांवर बैठक झाली, तिला नीतितज्ज्ञ आणि रुग्णांच्या संघटनाही होत्या. आपल्याकडे अशी बैठक व्हायला कोणाची हरकत नसावी. तिला एखादी शिक्षिकाही बोलवावी.

मेंदूगोळ्याच्या बातमीचा आणखी एक वाईट उपयोग होतो आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका आईचा मुलगा सात वर्षांचा आहे. डोके लहान, बोलणे नाही, आकडी येते. मोठ्या शहरातल्या एका केंद्राने तिला मूलपेशींच्या चार इंजेक्शनांचे काही लाख सांगितले आणि पुरावा म्हणून मेंदू तयार झाल्याची बातमीच दाखवली. मंगळसूत्र मोडायची तिची तयारी होती. मी तिला सांगितले ते इथेही सांगतो. बशीतला गोळा हा आजार समजून घेण्याचे साधन आहे, तो कोणाच्या डोक्यात बसवायचा उपचार नव्हे. रक्ताच्या काही आजारांतले अस्थिमज्जारोपण सोडले तर मूलपेशींचे प्रयोग रुग्णावर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतात, असे त्याच २०१७ च्या सूचना सांगतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी पैसे मागितले की समजावे, ही चाचणी नाही. त्या पैशांत आकडीचे औषध नियमित घेता येते, व्यायामोपचार करता येतात. देखरेख ढिली असली की पहिला फटका अशा आईला बसतो, म्हणून हा विषय या सदरात घेतला.

कोणी संशोधनासाठी रक्त किंवा कातडीचा कण मागितला तर घाबरून नाही म्हणू नका. पण सही करण्यापूर्वी कागद मराठीत मागा. तुम्हाला समजेल त्या भाषेत तो देणे त्यांचे काम आहे. माझ्या पेशी किती वर्षे ठेवणार, कंपनीला देणार का, त्यांच्यापासून मेंदूच्या ऊती वाढवणार का, प्राण्यात घालणार का आणि मी उद्या नाही म्हटले तर काय होईल, हे विचारा. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण एकदा पेशी दुसऱ्या प्रयोगशाळेत गेल्या की त्या परत गोळा करता येत नाहीत, आणि हे सांगायला अनेकजण विसरतात.

एसटीतून निवृत्त झालेले माझे एक रुग्ण मध्यंतरी कंपवातासाठी एका मोठ्या रुग्णालयात गेले होते. तिथून सहा पानी इंग्रजी संमतिपत्र घेऊन आले आणि म्हणाले, ‘डॉक्टर, यात माझे काय काय जाते ते वाचून सांगा.’ आम्ही दोघांनी वरचे प्रश्न एका कागदावर लिहून पाठवले. तीन आठवड्यांनी मराठी प्रत आली. तिच्यात प्रत्येक वापरापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन होते. मेंदूच्या ऊती वाढवायला त्यांनी ‘होय’ केले, ‘माझ्यासारख्या दुसऱ्याचा हात थरथरायचा थांबला तर बरेच आहे’ म्हणाले. प्राण्यात घालायला आणि कंपनीला द्यायला ‘नाही’ केले. शेवटी मुलाचे नाव आणि पत्ता लिहिला, काही झाले तर कळवावे म्हणून.